प्रिन्सेस स्ट्रीटवरची सूनबाई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. स्नेहसंमेलने, बक्षिसे आणि वर्गशिक्षकांचा मार या विषयांवर इतर माजी विद्यार्थी भरभरून लिहितील याची मला खात्री असल्यामुळे, मी शाळेजवळच्या एका रस्त्याविषयी लिहावयाचे ठरविले आहे. तो रस्ता म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट. पालिकेच्या पाटीवर आमच्या वेळीही त्याचे नाव शामलदास गांधी मार्ग असेच होते. परंतु पाटीवरचे नाव घेऊन पत्ता विचारणारा मनुष्य गिरगावात नवखा आहे, हे शेंबड्या पोरालाही कळत असे.

मरीन लाइन्स स्टेशनच्या बाजूने निघून काळबादेवीच्या गर्दीत शिरणाऱ्या या रस्त्यावर एखाद्या राजकन्येने पाऊल ठेवावे, असे काहीही नव्हते. घाऊक औषधांची व रसायनांची दुकाने, हातगाड्या, डोक्यावर खोकी घेऊन ओरडत धावणारे हमाल आणि या साऱ्यावर पसरलेला फिनेलचा वास, असे त्याचे एकंदर रूप होते. शाळेच्या प्रयोगशाळेचे सामान तेथूनच येई. शास्त्राचे सर यादी लिहून देत आणि शिपाईमामांबरोबर वरच्या वर्गातील दोन मुले पाठवीत. तास बुडत असल्यामुळे या कामगिरीसाठी वर्गात भांडणे होत. दुकानातील शेठ यादी मोठ्याने वाचून आतल्या पोऱ्याला हाक मारीत, आणि तो गवताने भरलेल्या खोक्यातून परीक्षानळ्या बाहेर काढी. मामा प्रत्येक नळी उजेडासमोर धरून, बोटांत हळूहळू फिरवून, तिला तडा नाही याची खात्री करून घेत. शेठ वैतागून म्हणत, "अहो मामा, सगळा माल नवा आहे," आणि मामा शांतपणे पुढची नळी उचलत. पैसे शेवटच्या नळीनंतरच मिळत.

रस्त्याच्या नावाविषयी मुलांत निरनिराळे पक्ष होते. येथे पूर्वी राजवाडा होता आणि तो पाडून दुकाने उभी राहिली, असे काहींचे म्हणणे होते. राजकन्येला पारशी डेअरीची कुल्फी अतिशय आवडे, म्हणून तिचे नाव दिले, असे मत मांडणाऱ्यांचे लक्ष इतिहासापेक्षा कुल्फीवर अधिक असावे. तिसरा पक्ष मात्र भलताच शास्त्रशुद्ध होता. त्याच्या मते राजकन्या आजारी होती, तिच्यासाठी विलायतेहून औषधे मागविली गेली, ती खडखडीत बरी झाली आणि उरलेली औषधे विकण्यासाठी ही दुकाने निघाली. या उपपत्तीत नावाचाही उलगडा होत होता आणि दुकानांचाही.

अखेर कोणीतरी इतिहासाच्या सरांना भर तासाला विचारलेच. सरांनी फळ्यावरचा पानिपतचा नकाशा तसाच ठेवला आणि उरलेला तास या रस्त्याला दिला. आजारी होती ती राजकन्या नव्हे, मुंबई, असे त्यांनी सांगितले. 1896 साली शहरात प्लेग आला, हजारो माणसे मेली, लाखो लोक गावी पळाले. दाट वस्ती आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, असे त्या वेळी अधिकाऱ्यांना वाटत असल्यामुळे 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्राचा वारा थेट गल्लीबोळांत पोहोचावा म्हणून रुंद रस्ते आखले गेले. त्यांपैकी हा एक. म्हणजे हा रस्ता स्वतःच एक औषध होते. गंमत अशी की त्याच 1898 साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून, प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे दाखविले होते; आणि पिसवांना समुद्राच्या वाऱ्याशी काही देणेघेणे नसते. तरीही वारा आला ते बरेच झाले, असे उन्हाळ्यात तेथून चालणारा कोणीही कबूल करील.

"आणि राजकन्या, सर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

9 नोव्हेंबर 1905 रोजी ब्रिटनचे युवराज जॉर्ज आणि त्यांच्या पत्नी मेरी मुंबईत उतरले, आणि या बाईंच्या सन्मानार्थ नव्या रस्त्याला प्रिन्सेस हे नाव मिळाले. "म्हणजे राजाची मुलगी नव्हे, सून," सर म्हणाले, "तेव्हा आपण खरे तर सूनबाई स्ट्रीट म्हणायला हवे." वर्ग हसून बेजार झाला. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. हा रस्ता जेथून निघतो तो क्वीन्स रोड, आताचा महर्षी कर्वे मार्ग, राणी व्हिक्टोरियाचा. म्हणजे या सूनबाईंच्या आजेसासूबाईंचा. पुढे 1910 साली मेरी स्वतः राणी झाल्या, 1911 साली पतीसह पुन्हा मुंबईत आल्या आणि त्या आगमनाची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला; परंतु रस्त्याला काही बढती मिळाली नाही. राणीची जागा आजेसासूबाईंनी आधीच अडविलेली होती.

आजचे नाव ज्यांचे, त्या शामलदास गांधींची कथाही कमी रंगतदार नाही. महात्मा गांधींचे हे पुतणे. सौराष्ट्रातील जुनागढ संस्थानाच्या नवाबाने पाकिस्तानात सामील होण्याचे ठरविले तेव्हा, 25 सप्टेंबर 1947 रोजी, या रस्त्यापासून जवळच असलेल्या माधवबागेत आरझी हुकूमत, म्हणजे हंगामी सरकार, जाहीर झाले आणि शामलदास तिचे प्रमुख झाले. श्वानप्रेमाबद्दल प्रसिद्ध असलेला तो नवाब आपल्या लाडक्या कुत्र्यांसह विमानाने कराचीला निघून गेला, आणि भारत सरकारने जुनागढचा ताबा घेतला तो दिवसही नेमका 9 नोव्हेंबर. पुढच्या फेब्रुवारीत सार्वमत झाले, त्यात पाकिस्तानच्या बाजूने अवघी 91 मते पडली. युवराज्ञीचे नाव काढून नवाबाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव दिले गेले, ही निवड मला मनापासून पटते. आणि तरीही टॅक्सीवाल्याला मी प्रिन्सेस स्ट्रीटच सांगतो. कोस्टल रोडचा आरंभ सांगतानाही शामलदास गांधी मार्ग या नावापुढे कंसात प्रिन्सेस स्ट्रीट लिहावे लागते.

त्या वर्षी सहामाही परीक्षेत सरांनी मुद्दाम प्रश्न घातला : प्रिन्सेस स्ट्रीट कोणत्या कारणासाठी बांधण्यात आला? आमच्या वर्गातील एका मुलाने उत्तर लिहिले, "सूनबाईंना समुद्राचा वारा लागावा म्हणून." सरांनी त्याला निम्मे गुण दिले आणि शेजारी लाल शाईत लिहिले, "वारा बरोबर."