मीठ ऑक्टोबरात होत नाही

पेडणे तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत मी पहिली आणि दुसरीचे वर्ग एकत्र शिकवते. काही वर्षांपूर्वी गांधीजयंतीच्या आठवड्यात मी एक प्रयोग मोठ्या उत्साहाने मांडला आणि तो पूर्णपणे फसला. शापोरा नदीच्या मुखाजवळून दोन बाटल्या खारे पाणी आणून ते स्टीलच्या परातीत ओतले, परात शाळेच्या ओसरीबाहेर ठेवली आणि मुलांना सांगितले की गांधीजींनी दांडीला जाऊन जे मीठ उचलले, ते आपणही दोन-तीन दिवसांत तयार करू. दुसऱ्याच दिवशी परतीच्या पावसाची सर आली. परातीतले पाणी आटण्याऐवजी वाढले आणि आठवड्याने त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी परात उपडी करताना म्हणाल्या, "बाई, मीठ ऑक्टोबरात होत नाही. मीठ पुरुमेंताच्या आधी होते." पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. त्यासाठी मे महिन्यात घरोघरी मीठ, सुकी मासळी आणि सोले भरून ठेवणाऱ्या गोव्यात राहून ही गोष्ट मला सुचू नये, याचे मलाच नवल वाटले.

मावशींच्या त्या वाक्याने माझे वर्षाचे नियोजन बदलले. शाळांमध्ये राष्ट्रीय नेत्यांची ओळख जयंती आणि पुण्यतिथीच्या तारखांना होते; तसबिरीला हार, दोन भाषणे, चार घोषणा आणि वेषभूषा स्पर्धा असा तो कार्यक्रम ठरलेला असतो. वेषभूषेला माझा विरोध नाही, पण कापसाची मिशी चिकटवून घामाघूम झालेल्या सहा वर्षांच्या टिळकांना "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे" हे वाक्य अर्ध्यावर विसरून रडताना मी पाहिले आहे. त्या मुलाला टिळकांबद्दल काय उरले असेल, तर ती मिशी. या वयाच्या मुलाला शतक म्हणजे काय ते कळत नाही, कारण आजीचे लहानपण आणि शिवाजी महाराजांचा काळ त्याच्या लेखी एकाच "खूप वर्षांपूर्वी"मध्ये असतात. चेहरे आणि विशेषणेही त्याच्या लक्षात राहत नाहीत. त्या माणसाने हाताने काय केले, ते मात्र त्याला स्वतःच्या हाताने केल्यावर कळते. म्हणून मी आता प्रत्येक नेत्याचे एकच काम निवडते आणि त्या कामाला जो ऋतू लागतो, त्या ऋतूत ते वर्गात करते.

दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी साबरमती आश्रमातून निघाली आणि ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. हाच काळ आपल्याकडे आगरवाड्याच्या मिठागरांत मीठ पडण्याचा असतो, हे लक्षात आल्यावर सगळा धडा आपोआप जुळून आला. १२ मार्चला आम्ही वर्गाच्या भिंतीवर चोवीस गाठींची एक दोरी बांधतो. यात्रा चोवीस दिवसांची होती, म्हणून रोज सकाळी एका गाठीत एक शंख अडकवायचा आणि त्या दिवशी गांधीजी किती चालले असतील त्याची गोष्ट करायची. सुमारे ३८५ किलोमीटर अंतर चोवीस दिवसांत म्हणजे रोजचे साधारण सोळा किलोमीटर होते. हा आकडा मुलांना काहीच सांगत नाही, परंतु रोज पेडण्यापासून म्हापशाच्या बाजारापर्यंत पायी, तेही साठ वर्षांच्या माणसाने, असे म्हटले की शुक्रवारी आईबरोबर बसने म्हापशाला जाणारी मुले डोळे मोठे करतात. सोबत निवडून घेतलेले ७८ सत्याग्रही होते, त्यांच्यासाठी खडूने पावले काढतो. मात्र आमच्या पटावर इतकी मुले नसल्याने प्रत्येकाला आपले पाऊल तीन-चार वेळा उमटवावे लागते, आणि त्यावरून भांडणेही होतात.

पंधरवड्यानंतर एका सकाळी मिठागरावर जातो. मानशीतून म्हणजे बांधातल्या दारातून भरतीचे पाणी आत कसे घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाताना ते उन्हाने कसे दाट होत जाते आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ कसे धरते, हे तिथे काम करणारी मंडळी माझ्यापेक्षा फार चांगले सांगतात. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून त्याच्या राशी घालताना पाहिल्यावर मुलांना प्रथमच कळते की मिठामागे कंबर मोडणारे कष्ट आहेत. मग शाळेत परत येऊन आमची परात. अर्धा लिटर पाणी मोठ्या परातीत पसरले, तर मार्च अखेरीच्या उन्हात ते एक-दोन दिवसांत आटते. गेल्या वर्षी पहिलीतील एक मुलगी कोरड्या परातीकडे बघून म्हणाली, "टीचर, उदक खंय गेलें?" पाणी कुठे गेले, या तिच्या प्रश्नावर माझा विज्ञानाचा एक संपूर्ण तास पार पडला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आमच्या अर्ध्या लिटरमधून तीन चमचे मीठ निघायला हवे. नदीच्या मुखाजवळचे पाणी घेतल्यास त्याहून कमी निघते, कारण त्यात गोडे पाणी मिसळलेले असते. हे खरवडलेले मीठ करडे आणि किंचित कडसर असते. ते चाखायला देऊ नये, बरणीत भरून नुसते ठेवावे.

एवढ्यावर थांबलो, तर तो मिठाचा धडा होईल, गांधीजींचा होणार नाही. म्हणून यानंतर "साहेबाची पेटी" हा खेळ घेतो. एक मूल पेटी घेऊन बसते आणि नियम असा, की परातीतले मीठ आपणच केले असले, तरी त्याला हात लावायचा नाही. मीठ हवे असेल, तर साहेबाला दोन चणे देऊन पेटीतूनच घ्यायचे. दोन मिनिटांत वर्गात असंतोष पसरतो. "पण ते आम्ही केले ना!" हे वाक्य प्रत्येक वर्षी कोणीतरी उच्चारतेच, आणि ते उच्चारले गेले की मला मिठावरचा कर वेगळा शिकवावा लागत नाही. मग एक मूल उठून परातीतले चिमूटभर मीठ उचलते. ते कोण, हे मी ठरवत नाही. (साहेब होणाऱ्या मुलाला मात्र आवरावे लागते. एका वर्षी साहेबाने खेळ संपल्यावरही चणे परत केले नाहीत.) थोरल्या मुलांना एवढे अधिक सांगता येते की गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे असला, तरी १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे इथल्या मिठागरांवरही काही वर्षे इंग्रजांचे नियंत्रण आले होते.

सूतकताईच्या बाबतीत मी बराच काळ हट्ट केला. टकळी आणली, पेळू आणले, पण सहा-सात वर्षांच्या बोटांना ते जमत नाही. सूत तुटते, टकळी फरशीवर आपटते आणि मुले कंटाळतात. आता आम्ही कापूस पिंजून वाती वळतो. वर्गातील कोणाची तरी आजी येऊन बोटांना भस्म लावून वात कशी वळायची ते दाखवते. कापसाला पीळ पडला की धागा होतो, एवढे हाताला कळले की पुष्कळ झाले. त्यानंतर खादीच्या झेंड्याचे कापड हातात देते. हुबळी मुलांच्या ऐकण्यातले गाव असल्याने राष्ट्रध्वजासाठी खादीचे प्रमाणित झेंडे तिथे तयार होतात, हे त्यांना आवडते.

सावित्रीबाईंसाठी ३ जानेवारीला मी एक कापडी पिशवी घेऊन वर्गात जाते. पिशवीत एक पाटी, एक पुस्तक आणि एक घडी घातलेली सुती साडी असते. शिकवायला निघालेल्या बाईंच्या पिशवीत जास्तीची साडी कशाला, याचा तर्क मुलांनी करायचा. पाऊस येईल म्हणून, घाम येईल म्हणून, कोणाला तरी द्यायची असेल म्हणून, अशी उत्तरे येतात. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला जाताना लोक अंगावर शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या शाळेत पोचल्यावर साडी बदलत, हे सांगितल्यावर वर्ग गप्प होतो. चिखलफेकीचे नाट्यरूप मी करत नाही, कारण त्यात फेकणाऱ्याची मजा होते आणि तेवढीच लक्षात राहते.

अशाच एका नाट्यरूपाने मला फार मोठा धडा शिकवला. महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी सांगताना मी चिठ्ठ्या टाकून काही मुलांना पाण्याच्या माठाला हात लावायला बंदी केली होती. हेतू चांगला होता. पण बंदी आलेल्यांपैकी एक मूल काहीही न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसले आणि दिवसभर पाणी प्यायले नाही, तेव्हा माझ्या लक्षात आले की एखाद्या घरात ही गोष्ट अजून खेळ झालेली नसते. तो उपक्रम मी कायमचा बंद केला. मिठाच्या करातला अन्याय सगळ्यांवर सारखा असतो, म्हणून तो खेळता येतो. हा तसा नाही.

त्याऐवजी २६ नोव्हेंबरला आम्ही वर्गाचे संविधान लिहितो. भारताच्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि नंदलाल बोस व शांतिनिकेतनच्या कलावंतांनी तिची पाने सजवली, हे सांगून मी मोठा कागद जमिनीवर पसरते. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केला, सभेने त्यावर चर्चा केली, मग मान्यता दिली. तोच क्रम आम्ही पाळतो. नियम मुलांनीच सुचवायचे, त्यावर बोलायचे आणि हात वर करून ठरवायचे. एका वर्षी पहिला मान्य झालेला नियम होता, "कोणाच्याही डब्याच्या वासावर हसायचे नाही", आणि तो सुक्या बांगड्याच्या संदर्भात होता. दुसरा नियम रांगेत पहिले उभे राहण्याविषयी होता आणि त्यावर पाऊण तास वाद झाला. कडेने पाने-फुले रंगवून खाली सगळ्यांचे अंगठे उमटवले. पंधरा दिवसांनी एक मुलगा येऊन म्हणाला की रांगेचा नियम बरोबर नाही, तो बदलू या. आम्ही पुन्हा मत घेतले. संविधानदुरुस्ती हा शब्द मी त्याला त्या दिवशी सांगितला.

गोव्याचे स्वतःचे दिवसही असतातच. १८ जून शाळा सुरू झाल्यावर लगेच येतो आणि त्या दिवशी बहुधा पाऊस असतो, जसा १९४६ च्या मडगावच्या सभेच्या वेळीही होता. डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीसाठी आले होते आणि पोर्तुगिजांची सभाबंदी मोडून त्यांनी सभा घेतली. सभाबंदी लहान मुलांना कशी समजवावी, याचे उत्तर मला लग्नपत्रिकांत सापडले. पोर्तुगीज राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. मुले घरातील जुन्या पत्रिका आणतात, एक मूल बटाट्याचा ठसा घेऊन बसते आणि मनाला येईल ती पत्रिका नामंजूर करते. मामाचे लग्न नामंजूर झालेल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून मुक्तीपर्यंत जंगलातून चालवलेल्या गुप्त रेडिओसाठी आम्ही जुन्या साड्यांचा तंबू आणि काडेपेटीचा दोऱ्याचा फोन करतो. तो दिवस सर्वांत आरडाओरड्याचा असतो, त्यामुळे रेडिओ गुप्त राहत नाही.

राहिला सरदार पटेलांचा नकाशा. संस्थाने जोडण्याचे काम दाखवण्यासाठी मी पुठ्ठ्याचा भारत करून त्याचे तुकडे केले आहेत आणि ३१ ऑक्टोबरला मुले तो जुळवतात. गोव्याचा तुकडा मात्र त्या दिवशी द्यायचा नाही असा नियम आहे, कारण गोवा १९६१ साली १९ डिसेंबरला मुक्त झाला आणि तोवर ती जागा रिकामीच दिसली पाहिजे. दीड महिना मुले त्या भोकाकडे बघून "आमचो गांव खंय?" म्हणून विचारत राहतात. तुकडा नखाएवढाच असल्याने मी तो टेबलाच्या खणात जपून ठेवला होता, तरीही दोन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात तो हरवला. मुलांनी सगळी बाके हलवली, केरसुणीने कोपरे झाडले. शेवटी दुसरीतील एका मुलाने खिशातून चिंचोका काढला, दगडावर घासून त्याची एक बाजू सपाट केली आणि त्या जागी बसवला. तो थोडा मोठा असल्यामुळे कर्नाटकाचा तुकडा आजही किंचित उचललेला राहतो.