तुम्ही विचारलंत म्हणून: साईस म्हणजे कोण?

"तुमचे वडील रेसकोर्सवर होते ना? म्हणजे जॉकी?" हे मला नेहमी विचारतात. नाही, ते साईस होते. मग पुढचा प्रश्न येतोच, साईस म्हणजे काय?

जॉकी शर्यतीत घोड्यावर बसतो, ती मिनिट-दोन मिनिटांत संपते. घोडा कधी, किती पळवायचा ते ट्रेनर ठरवतो. बाकी सगळा दिवस घोडा साईसच्या हातात असतो.

महालक्ष्मीला बाबांकडे दोन घोडे असत. पहाटे चारला तबेल्यात शिरलं की आधी चंदीचं, म्हणजे घोड्याच्या खाण्याचं, भांडं बघायचं. रात्रीची चंदी तशीच असेल तर जनावराचं काहीतरी बिनसलंय. मग उकिडवं बसून पुढच्या पायावर गुडघ्यापासून खाली तळहात फिरवायचा, मागच्या नसेवरून अगदी सावकाश. कुठे जरा जरी गरम लागलं की ट्रेनरला सांगायचं, आज याला पळवू नका. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी ऊब हाताला कळते, असं ते म्हणत. मी खेळताना पडले की माझ्या नडगीवरूनही तोच हात तसाच फिरायचा. त्यानंतर खरारा, खुरांची सफाई, पायांना पट्ट्या. आणि घोडा पळून आला की घाम सुकेपर्यंत त्याला हळूहळू फिरवणं. शर्यतीच्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, लगाम धरून चालतो तोही साईसच. पावसाळ्यात रेस पुण्याला जायची आणि घोड्यांबरोबर बाबाही. ते महिने घर फार सुनं वाटायचं.

शब्द मूळचा अरबी. घोड्यांची निगा राखणं, त्यांना वळण लावणं या अर्थाच्या धातूपासून साईस आला आणि त्याच धातूपासून सियासत, म्हणजे राज्यकारभार. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. इंग्रजांनी हा शब्द इथे उचलला, त्यांनी इथून उचललेल्या शब्दांच्या, 1886 साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन कोशात तो आहे. मलायात तर तो घोडागाडी हाकणाऱ्याला लागला आणि पुढे मोटारीच्या ड्रायव्हरलाही. ऑस्ट्रेलियात याच कामाला स्ट्रॅपर म्हणतात. इंग्लंडमध्ये स्टेबल लॅड, मग तो साठीचा का असेना! साठीच्या माणसाला पोरगा म्हणणं मला पटत नाही.

आपल्याकडे मोतद्दार हा जुना शब्द होता. पागा, चंदी, खरारा हे शब्द अजून कानावर येतात, मोतद्दार मात्र कुणाला आठवत नाही. तबेल्यात साईसच म्हणतात. म्हणून मीही तेच सांगते. इंग्रजीत साईसला ग्रूमही म्हणतात, पण ग्रूम म्हटलं की लोकांना नवरदेव आठवतो, आणि घोडेवाला म्हणजे चौपाटीवर फेऱ्या मारणारा.

चौथीत असताना शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे बाईंनी 'नोकर' लिहिलं होतं. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळचं काम आटोपून तसेच शाळेत आले, बाहीला गवताची काडी चिकटलेली. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तेवढं खोडून साईस लिहा. स ला काना, मग दीर्घ ई, मग स." बाईंनी खोडलं. नीट लिहिलंय ना, हे बघायला बाबांनी फॉर्म माझ्या हातात दिला.