तोंडी हुकूम आणि रिजेक्शनचा ढीग

कोल्हापूरकडची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागलची पंचतारांकित एमआयडीसी, मोठ्या फाउंड्रीतला (ओतकामाच्या कारखान्यातला) कच्चा मॅनेजर एका गोष्टीवरून ओळखू येतो: त्याचे सगळे हुकूम तोंडी असतात. "लाइन थांबवू नका, ओता!" ग्रे आयर्नचा (करड्या ओतीव लोखंडाचा) रस साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास ओततात. पातळ भिंतीच्या कास्टिंगला (ओतून घडवलेल्या भागाला) तो थंड पडला की कोल्ड शट ठरलेला, म्हणजे रस एकजीव न झाल्याची फट. साच्याच्या वाळूत ओल जास्त असेल तर ब्लोहोल, म्हणजे वायूनं पडलेली पोकळी. पण दोष दिसतो मशिनिंगला, चार दिवसांनी. तोवर साहेब म्हणतात, "मी कुठं सांगितलं?"

म्हणून शिफ्ट संपायच्या आत दोन ओळींचा मेल टाका: वेळ, हीट नंबर (भट्टीतल्या त्या खेपेच्या रसाचा नंबर), पायरोमीटरचं (तापमान मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग, 'आपल्या सूचनेप्रमाणे ओतलं'. टोमणा नको, टोमणा आला की पुराव्याचं भांडण होतं. लॉगबुकात चुकलं तर एक रेघ मारून सही करा, व्हाइटनर नको.

ओव्हरटाइमची नोंद आपल्या वहीत वेगळी ठेवा. कायद्यानं दर दुप्पट आहे. कंपनीचे मेल मात्र स्वतःच्या खात्यावर पाठवू नका, नाहीतर चौकशी त्याचीच लागते.