मिंडानाओच्या समेटाची गाडी कुठे अडली?

फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावरच्या दाव्हाव शहरात डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांना 'मिंडानाओत बंडखोरांनी शस्त्रत्याग थांबवला' अशी बातमी दिसली की धडकी भरते. आधी नकाशा पाहा. बांगसामोरो हा मुस्लिमबहुल स्वायत्त प्रदेश बेटाच्या पश्चिमेकडे आहे. त्याचा कारभार जिथून चालतो ते कोताबातो दाव्हावहून रस्त्याने दोनशेहून अधिक किलोमीटर. आणि अडलाय तो करारातल्या शस्त्रत्यागाचा शेवटचा टप्पा, युद्धबंदी नव्हे.

मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट ही बंडखोर संघटना आणि फिलिपिन्स सरकार यांच्यात २७ मार्च २०१४ला करार झाला. मलेशिया मध्यस्थ होता. करारात स्वायत्तता आणि शस्त्रत्याग एकमेकांना बांधलेले आहेत: स्वायत्ततेचा कायदा पुढे सरकला की ठरलेल्या संख्येने माणसं शस्त्रं खाली ठेवणार. पहिल्या, मुख्यतः प्रतीकात्मक टप्प्यात १४५ जणांनी ७५ शस्त्रं दिली. स्वायत्ततेवरच्या २०१९च्या सार्वमतानंतर १२ हजार जण आले, पुढच्या टप्प्यात १४ हजार. आता एकूण ४० हजारांपैकी अखेरचे सुमारे १४ हजार उरलेत.

प्रत्यक्षात होतं असं. लढवय्या नोंदणी केंद्रावर येतो, तुर्की, नॉर्वे आणि ब्रुनेईच्या प्रतिनिधींचं स्वतंत्र मंडळ त्याची ओळख तपासतं, बंदूक नोंदवून कुलूपबंद होते, त्याला ओळखपत्र आणि एक लाख पेसो रोख मिळतात. घर, रोजगार, शिक्षण हे नंतर. घोडं पेंड खातंय ते या 'नंतर'वर. जुलै २०२५मध्ये फ्रंटने उरलेला टप्पा रोखला: शस्त्रं ठेवलेल्या २६,१४५ जणांपैकी एकही अजून धड नागरी आयुष्यात स्थिरावलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकार म्हणतं, पैसे खर्च झालेत, कामं चालू आहेत. आमच्या मते दोघंही अर्धंच सांगतात. रोकड वाटणं एका दिवसाचं काम. जमीन, रस्ता आणि बाजार नसलेल्या गावात रोजगार उभा करणं वर्षांचं.

आकड्यांत आणखी एक गोम आहे. ४० हजार माणसं, पण शस्त्रं फक्त ७ हजार ठरली होती. इथे बंदूक पुष्कळदा घराची असते, संघटनेची नाही. 'रिदो' म्हणजे घराण्यांमधली वैरं मिटल्याशिवाय ती कोण देईल?

टेबलावर ठरलेलं बाहेर मोडायचा प्रकार जुनाच. २००८मध्ये आधीच्या एका करारावर क्वालालंपूरला सही व्हायच्या आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, मग लढाई पेटून लाखो लोक घरदार सोडून निघाले. २५ जानेवारी २०१५ला ममासापानोत पोलीस कमांडो एका बॉम्बतज्ज्ञाला पकडायला शिरले, युद्धबंदी समितीला न कळवता; ४४ कमांडो मारले गेले आणि स्वायत्ततेचा कायदा थेट २०१८पर्यंत लांबला.

आता बांगसामोरोच्या संसदेच्या निवडणुकीचंही तेच. सार्वमतात सुलु प्रांताने 'नको' म्हटलं होतं, तरी त्याला आत घेतलं गेलं. सप्टेंबर २०२४मध्ये न्यायालयाने तो बाहेर काढला आणि ८० जागांच्या संसदेतल्या त्याच्या ७ जागांचं काय, हा घोळ सुरू झाला. मतदारसंघांची नवी वाटणीही न्यायालयाने रद्द केली. २०२२ला व्हायची पहिली निवडणूक ऑक्टोबर २०२५मध्येही झाली नाही. तोवर कारभार नेमलेल्या सदस्यांचाच, आणि मार्च २०२५पासून मुख्यमंत्रिपदी फ्रंटचे प्रमुख मुराद इब्राहिम यांच्या जागी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले अब्दुलरौफ माकाकुआ.

दाव्हावमधल्या मुलांनी करायचं एवढंच: सुट्टीत कोताबातो, मरावी किंवा सुलुकडे फिरायला जायचा बेत आखण्यापूर्वी भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा.