लीड म्हणून पहिलं काम: कुंभार गल्लीतलं घर आणि आमच्या ऑफिसची रीत

आर्किटेक्चर कॉलेजची पोरं भेटली की विचारतात, तुमच्या ऑफिसची डिझाईन फिलॉसॉफी काय, आणि लीड, म्हणजे एखाद्या कामाची मुख्य जबाबदारी, कधी करायला देतात. तोंडी सांगून नीट पोचत नाही म्हणून एका कामाबद्दल लिहिते.

कोल्हापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत एका मूर्तिकार कुटुंबाला जुनं घर पाडून नवीन बांधायचं होतं, कारखाना आणि राहणं एकत्र. काम छोटं, फी त्याहून छोटी. त्याच वेळी ऑफिसात मोठ्या लेआऊटचं काम चालू होतं, तरी सरांनी हे घेतलं आणि फाईल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, याची लीड तू, मी रिव्ह्यूला बसणार फक्त.

आमच्याकडं एक गोष्ट पक्की आहे, थ्रीडी नंतर, आधी सेक्शन. जमीन कुठं, जोतं कुठं, पाणी कुठवर येतं हे इमारत उभी कापून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि कोल्हापुरात पाण्याचा विचार न करता घर काढणं मला तरी पटत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला आलं की इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. शाहूपुरी नदीला लागून नाही, पण नदी फुगली की तिला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी पुढं जायचं थांबतं, उलटं फिरतं आणि गल्लीत शिरतं. तेही जुलै-ऑगस्टात, म्हणजे नेमकं गणपतीचं काम ऐन भरात असताना. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की वर्षाची कमाई गेली.

पहिल्यांदा साईटवर गेले तर घरातल्या मूर्तिकार काकांनी आधी आतली भिंत दाखवली. २००५, २०१९, २०२१, तीन आडव्या रेघा, पितांबराला वापरतात त्या पिवळ्या रंगानं ब्रशनं ओढलेल्या, २०२१ ची माझ्या डोक्याच्या वर. म्हणाले, "ताई, तुमचं मशीन काय सांगायचं ते सांगू दे, पाणी हितवर आलतं." सर्व्हेअरनं टोटल स्टेशननं, म्हणजे उंची-अंतर मोजायच्या यंत्रानं, लेव्हल घेतल्या, त्यात त्या रेघांच्या पण घेतल्या, आणि आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर तिन्ही रेघा शेवटपर्यंत राहिल्या.

नियमाचं थोडक्यात सांगते. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या. दोन्हीच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं असलं तर यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर पायजे. आमचा प्लॉट त्या पट्ट्यातला. म्हणजे खाली नुसते कॉलम, टेम्पो लावायला जागा, आणि कारखाना वर. पण मग माती वर कशी न्यायची आणि मूर्ती खाली कशी आणायची? मी रॅम्पचा हिशोब मांडला, १:१२ चा उतार धरला तर आठ फूट चढायला ९६ फूट लांबी लागते, एवढा प्लॉटच नाही. मग स्लॅबमधे कटआऊट ठेवून वर बीमला चेन पुली ब्लॉक, म्हणजे साखळीनं ओझं चढवायची-उतरवायची कप्पी, लावायचं ठरलं.

शनिवारच्या रिव्ह्यूत आमच्याकडं सगळ्यात ज्युनियर माणूस आधी बोलतो आणि सर सगळ्यात शेवटी. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण सर आधी बोलले की बाकीचे माना हलवून मोकळे होतात. त्या दिवशी इंटर्न पोरीनं विचारलं, मूर्ती खाली सोडताना पाऊस असला तर? रंगाच्या मूर्ती उतरणार ऑगस्टात, पाऊस असणारच. कटआऊट रस्त्याच्या बाजूला होता तो तिथंच ठेवला, शेजारच्या कुंभारांनापण पुली वापरता यावी म्हणून, आणि त्यावर टेम्पोच्या हौद्यापर्यंत येईल एवढं छप्पर वाढवलं. सर शेवटी बोलले ते आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीबद्दल. तिथं जोतं, पाणी, संडास एवढं पक्कं करून दिलेलं आणि बाकीचं घर लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणं वाढवायचं, १९९५ ला त्याला आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला. म्हणाले, कारखान्यातल्या सगळ्या भिंती तू का ठरवतीयस? मग आतल्या पार्टिशन काढल्या आणि मांडण्या कुठं कशा लावायच्या ते काका आणि काकींवर सोडलं, त्या दोघांनी खडूनं फरशीवर आखून दिलं.

अवघड गेलं ते एकाच मीटिंगला. घरातल्याच एकाचं म्हणणं होतं की परवानगी मिळाली की खाली भिंती घालून दोन गाळे काढू, भाडं येईल. पैशाची गरज खरी होती, त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण भिंती घातल्या की पाण्याला वाट राहत नाही, ते शेजाऱ्यांकडं जास्त चढणार, वर परवानगीच्या विरुद्ध. मी नाही म्हटल्यावर ते सरांकडं वळले, "सर, तुम्ही सांगा की." सर म्हणाले, "लीड ती आहे, तिलाच विचारा," आणि चहा घेत बसले. पुढचा तासभर मीच बोलले, सेक्शन पुढं ठेवून, पिवळ्या रेघा दाखवून. शेवटी काकाच म्हणाले, गाळे नकोत. भाड्याचा मार्ग म्हणून वरच्या मजल्यावर वेगळ्या जिन्याची एक खोली काढून दिली, ती सगळ्यांना पटली.

परवानगीची फाईल त्रुटी निघून एकदा परत आली, लेव्हलचे कागद जोडले, मंजूर झाली. आता दोन स्लॅब पडलेत. मेन स्विच आणि मीटर २०२१ च्या रेघेच्या वर घेतलेत, खाली प्लायवूडचं काहीच नाही. चेन पुलीची लोड टेस्ट बाकी आहे, ती झाल्याशिवाय प्लास्टर सुरू करू नका म्हणून कॉन्ट्रॅक्टरला सांगितलंय. शेजारच्या घराचं काम आलंय, त्याची लीड त्या छपराचा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला द्यावी असं मी सरांना सुचवलंय, ती इंटर्नशिप संपवून आमच्याकडंच लागलीय.