निळा धूर नेमका कधी येतो?

दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्षबागाईतदार गेल्या हिवाळ्यात आपली जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी घेऊन म्हसरूळच्या आमच्या गॅरेजमध्ये आले, तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्या एका गॅरेजने दिलेले अंदाजपत्रक होते. इंजिन उतरवून रिंगपिस्टन, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि हेडचे (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) काम, असे मिळून 45,000 रुपये त्यावर लिहिले होते. गाडी 500 किलोमीटरमागे जवळपास अर्धा लिटर ऑइल खात होती, म्हणजे ते सिलिंडरमध्ये जळून सायलेन्सरमधून निळा धूर येत होता. बागेतला माल निघायला अजून अवधी होता, आणि आईला तपासणीसाठी अधूनमधून मुंबईला न्यावे लागत असल्यामुळे गाडी उभी ठेवणेही त्यांना परवडणारे नव्हते.

“काका, धूर नेमका कधी दिसतो?” असे मी विचारले.

“सकाळी पहिला सेल मारला की भपकन येतो आणि थांबतो. कसारा घाट उतरून खाली आलो आणि पुन्हा ॲक्सिलेटर दिला की मागचं काही दिसत नाही. येताना घाट चढताना मात्र तेवढा नसतो.”

हे उत्तर मला त्या अंदाजपत्रकापेक्षा अधिक मोलाचे वाटले. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आणि थ्रॉटल बंद असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि व्हॉल्व्हच्या दांडीवरील रबरी सील उष्णतेने कडक झाले असतील, तर हेडमधील ऑइल गाइडवाटे (दांडी जिच्यात सरकते त्या नळीवाटे) सिलिंडरमध्ये ओढले जाते. रात्रभर उभ्या गाडीत तेच ऑइल हळूहळू खाली झिरपते. पिस्टनभोवतीच्या रिंग गेलेल्या असत्या, तर चढावर लोड असताना धूर जास्त दिसायला हवा होता.

तरीही केवळ लक्षणांवर विसंबून गिऱ्हाइकाचा पैसा खर्च करणे मला पटत नाही. प्रथम पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातील वायू इनटेकमध्ये परत सोडणारी झडप, काढून हलवला. तो मोकळा वाजत होता आणि इनटेकच्या पाइपात ऑइल साचलेले नव्हते. प्लगच्या विहिरी कोरड्या होत्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून वरून ऑइल गळत नव्हते. ही खूण अनेक जण पाहत नाहीत आणि बाहेरून भिजलेल्या प्लगवरून इंजिनच गेले असे ठरवून मोकळे होतात. येथे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगची टोके मात्र काळी व ओली होती.

इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, इंधन व करंट तोडून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजले, तर गेजवर 165, 160, 155 आणि 165 पीएसआय (दाबाचे एकक) आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतल्यावर काटा जेमतेम पाचने वर गेला; रिंग झिजल्या असत्या तर तो बराच चढला असता. अर्थात, कॉम्प्रेशन चांगले असूनही ऑइल रिंग (सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडणारी रिंग) कार्बनने चिकटलेली असू शकते, कारण दाब धरणे हे तिचे काम नाही. ही शक्यता मी काकांना आधीच स्पष्ट सांगितली. घाटाची हकिगत आणि गेजचे आकडे मात्र सीलकडेच बोट दाखवत होते.

सील बदलण्यासाठी हेड उतरवावे लागले नाही. टॅपेट कव्हर व रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) काढले, पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत भरली आणि इंजिन हाताने फिरवून ती दोरी व्हॉल्व्हखाली दाबून बसवली, जेणेकरून स्प्रिंग दाबून तिला व्हॉल्व्हवर धरून ठेवणारे लॉक काढताना व्हॉल्व्ह आत पडू नये. दोरीचे टोक बाहेर बांधून ठेवणे आणि लॉक चुंबकाने उचलणे, या दोन गोष्टींत हयगय चालत नाही. निघालेली सील प्लास्टिकसारखी कडक झाली होती आणि नखाने दाबली तरी वाकत नव्हती. नव्या सीलचा संच काहीशे रुपयांत आला. मजुरी आणि ऑइल धरूनही खर्च त्या अंदाजपत्रकाच्या जवळपाससुद्धा गेला नाही.

सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑइल जळेपर्यंत थोडा धूर दिसत राहील, त्याने घाबरू नये, आणि डिपस्टिक दर आठवड्याला पाहावी, असे मी काकांना सांगितले. कॉम्प्रेशनचे चारही आकडे तारखेसह बिलाच्या मागे लिहून दिले, म्हणजे पुढे कोणी पुन्हा बोअरचे नाव काढले, तर आधी गेज लावून या आकड्यांशी ताडून पाहता येईल.