सेक्शन 1 चा सर्च रिपोर्ट

पुण्यात वकिली करायचो तेव्हा माझी निम्मी कमाई सर्च रिपोर्टची होती. 30 वर्षांचे दस्त चाळायचे, फेरफार जुळवायचे, टायटल क्लिअर असल्याचा दाखला द्यायचा. अमेरिकेत कॅन्ससला आल्यावर पुन्हा तेच काम हाती आलं. पण इथे तेलाचा भाडेपट्टा करायचा तर सरकारकडून जमीन पहिल्यांदा कोणाला मिळाली, तिथपर्यंत मागे जावं लागतं.

असाच एक 160 एकरांचा तुकडा ग्रॅहम काउंटीत निघाला, निकोडेमस गावाला लागून. हिल सिटीच्या कोर्टहाउसमध्ये जाडजूड वही उघडली. पहिली नोंद सरकारी पेटंटची, म्हणजे सरकारने जमीन दिल्याच्या सनदेची. दुसरी गहाणखताची, काही आठवड्यांच्या आतली! आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात शोभली असती.

मी होमस्टेडची, म्हणजे सरकारी जमीन कसून मालकीची करून घेण्याच्या अर्जाची, मूळ फाइलही मागवून घेतली होती. 1862 च्या कायद्याने 5 वर्षं जमिनीवर राहून ती कसली की 160 एकर आपली, पण ते सिद्ध करायला दोन शेजाऱ्यांची साक्ष लागायची. छापील फॉर्मवर प्रश्न: घर कसलं? किती एकर नांगरली? किती हंगाम पीक घेतलं? घराच्या रकान्यात कारकुनाने 'डगआउट', म्हणजे जमिनीत खणलेलं घर, असं लिहिलं होतं. सहीच्या जागी फुली, तिच्या दोन्ही अंगांना कारकुनाच्याच अक्षरात अर्जदाराचं नाव. वस्तीला आल्याचं साल 1877.

ते साल दिसल्यावर काम जरा बाजूला राहिलं. निकोडेमस वसवलं ते केंटकी राज्यातून आलेल्या कृष्णवर्णीयांनी, आणि केंटकीत गुलामगिरी कायद्याने संपली डिसेंबर 1865 मध्ये. म्हणजे फुली मारणारा हा माणूस बारा वर्षांपूर्वीपर्यंत बहुधा स्वतःच कोणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत असणार. 1877 मध्ये डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय पाद्री यांनी गाव वसवायला टाउन कंपनी काढली. जुलैच्या पत्रकात गावाची जागा अगदी आमच्या, म्हणजे इथल्या जमीन-मोजणीच्या भाषेत दिली आहे: सेक्शन 1, टाउनशिप 8, रेंज 21, वायव्य चतुर्थांश. शिवाय सॉलोमन नदीच्या खोऱ्याचं भरघोस वर्णन. 5 सप्टेंबरला 5 डॉलरमध्ये कॅन्ससला चला, असं दुसरं पत्रक केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये फिरलं. प्लॉटच्या जाहिराती तेव्हाही आजच्यासारख्याच होत्या.

300 च्या वर माणसं आली. रेल्वेने एलिसपर्यंत, पुढे सुमारे 35 मैल पायी नाहीतर गाडीने. समोर गाव नव्हतंच. झाड नाही, लाकूड नाही, म्हणून उतारात खड्डे खणून राहायचं. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी म्हातारपणी सांगून ठेवलंय, की गाव कुठे म्हणून विचारलं तेव्हा नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला आणि त्यांना रडूच कोसळलं. बरीच कुटुंबं लगेच मागे फिरली. राहिलेल्यांकडे बैल-नांगर जवळपास नव्हतेच. कुदळ-फावड्याने गवताळ रान फोडलं. पहिल्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी खायला दिलं, म्हणून निभावलं. यातलं काही फॉर्ममध्ये नाही. तिथे फक्त किती एकर नांगरली, तेवढंच.

दुपारी गावात गेलो, कारण नोंदलेल्या नकाशावर आखलेले रस्ते जागेवर कुठेच जुळेनात. जुन्या टाउनशिप हॉलपाशी पहिल्या वस्तीच्या वंशातल्या एक आजी भेटल्या. नकाशा बघून म्हणाल्या, ''हा रस्ता शोधताय? तो गव्हाखाली गेला.''

मग रेल्वेची गोष्ट निघाली. 1880 च्या दशकात गावात दोन वर्तमानपत्रं, हॉटेल, दुकानं होती. रेल्वे यावी म्हणून 1887 मध्ये लोकांनी 16,000 डॉलरच्या रोख्यांना मत दिलं. 1888 मध्ये रुळ पडले ते नदीपलीकडून. व्यापारी तिकडच्या बोग गावाला गेले, काहींनी तर दुकानाची इमारतच उचलून नेली.

''आणि जमिनी?'' मी विचारलं.

''त्या आम्ही सहजासहजी सोडत नाही,'' आजी म्हणाल्या.

माझ्या फाइलची अडचण नेमकी हीच होती. गहाण फिटलं होतं, त्याची नोंदही सापडली. पण मूळ मालकानंतर वाटणी कधी झालीच नव्हती. तीन पिढ्यांचे वारस, कोणी डेन्व्हरला, कोणी कॅलिफोर्नियात, आणि कोर्टाचा वारस-निर्णय एकाही पिढीचा नाही. मी रिपोर्टात वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि प्रत्येकाची सही अशी अट घातली. तेल कंपनीच्या माणसाने कपाळाला हात लावला: इतक्या लोकांना गाठायचं कसं?

उत्तर आजींनीच दिलं होतं, ते मी शेवटच्या परिच्छेदात टाकलं. दरवर्षी जुलैच्या अखेरीस होमकमिंगला गावची माणसं देशभरातून निकोडेमसला येतात. नोटरीला त्या शनिवार-रविवारी टाउनशिप हॉलमध्ये बसवावं.